टॉर्चसाठी

तापकीर गल्लीत, माळा आणि वायरींच्या वेटोळ्यांतून
वाट काढत मणियारांच्या काउंटरवर मी तो ठेवला.
बोटाएवढा सेल. वरच्या कडेला
हिरवं कातडं सोललेलं.
"असाच द्या. टॉर्चसाठी."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
मेथीची जुडी तोलावी तसा सेल तळहातावर तोलला.
"कुठली टॉर्च, ताई?"
"घरातली."
"घरातल्या टॉर्चला एवढा करंट लागत नाही."
आणि मग, त्यांचं भलं होवो,
पुढे काही विचारलं नाही.

नखानं त्यांनी सोललेली जागा दाखवली.
"हे टोक फक्त प्लस. बाकी सगळं अंग मायनस.
मधे एवढंसं कातडं, एक पांढरी चकती.
हा खिशात होता का?"
होता.
धुवायच्या जीन्समध्ये,
गाडीची किल्ली आणि तीन नाणी यांच्या सोबतीला.
हे मी बोलले नाही.
त्यांना ऐकू गेलं असावं.

दोन नवे काढले. एक दीडशेचा, एक साडेचारशेचा.
"हातात घ्या. आधी हातात घ्या."
दीडशेचा हलका, भाकड.
वर ठळक छापलेलं: नऊ हजार नऊशे.
"लिहायला काय जातं!
या मापात साडेतीन हजारांपुढे
खरं बोलणारा सेल माझ्या दुकानात अजून आलेला नाही.
आकडा मोठा तितका तो खोटा, हे धरून चला.
आणि यंत्र किती अँपिअर मागतं ते आधी बघा.
मागणी झेपत नसेल तर तो तापतो. माणसासारखंच."

मी खडकीची. दारूगोळ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं.
गेटवर काडेपेटी जमा,
अंगावर सुती कपडे, केसांत साधी पिनसुद्धा नाही.
ज्याला आग लागू शकते
त्याच्याशी कसं वागायचं, हे मला शिकवायला नको.
पण माझ्याच घरात, माझ्याच कपड्यांच्या बादलीत
हे बिनगेटपास शिरलं कसं?

साडेचारशे मोजले.
वर वीस रुपयांची प्लास्टिकची डबी,
एक चार्जर, आणि चिठ्ठी नसलेला सल्ला:
गादीवर नाही. उशीखाली तर नाहीच.
रात्रभर लावून झोपायचं नाही.
चार पॉइंट दोनला थांबला पाहिजे,
न थांबणारा चार्जर फुकट दिला तरी घेऊ नका.
जुना फेकू नका, इथेच राहू द्या.

*

रात्री गॅसपासून लांब, मोरीजवळच्या फरशीवर
चार्जर मांडला. लाल ठिपका.
समोर पाट घेऊन बसले.
दुधावर बसतात तशी.

पावणेबाराला निमिष आला.
शर्टाला आंब्याचा वास, मे महिना नसताना.
त्यानं फरशीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
चप्पल काढायची राहूनच गेली.

दोन दिवस मी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती.
बापाच्या फुप्फुसांचं एक होतं,
कायद्याचं एक,
शेजारच्या दिघेवहिनींचंही एक होतं.
तोंडातून निघालं ते असं:
"किल्ल्यांबरोबर ठेवत जाऊ नकोस."

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.
"दुकानात काय सांगितलंस?"
"टॉर्चसाठी."
हसला नाही. हसेल असं वाटलं होतं.
"मी सोडणार होतो," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, "आहे."
होतो की आहे,
मी त्याला नीट विचारलं नाही.

ठिपका हिरवा झाला.
मी बटण बंद केलं आणि सेलला
हाताची पालथी बाजू लावली,
लहानपणी त्याच्या कपाळाला लावायचे तशी.
"बघ, फार गरम आहे का?"
त्यानंही लावली.
"कोमट," म्हणाला.

डबी मी दोघांच्या मधे ठेवली आहे.
झाकण उघडंच.